फ्यूज वाचला पाहिजे

धान कापून झालं, मंडया सुरू झाल्या, की आमच्या गोंदिया जिल्ह्यात घरोघरचे सबवूफर बाहेर निघतात आणि इलेक्ट्रिकच्या दुकानांतले काचेचे फ्यूज संपतात. या दोन घटनांचा काही संबंध आहे, एवढं सर्वांना मान्य आहे. पण दोष कोणाचा असं विचारलं, तर सगळी मतं एकाच पेटीत पडतात: फ्यूज आता पूर्वीसारखे येत नाहीत. पूर्वीचे फ्यूज वर्षानुवर्षं उडत नसत. पूर्वी घरात सबवूफरही नव्हता, हा मुद्दा चर्चेत कोणी काढत नाही. आणि काढला तरी चर्चा करणाऱ्यांना एव्हाना ऐकू कमी येऊ लागलेलं असतं.

भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागते. दिवसा झुले, जिलेबी, बांगड्या. रात्री झाडीपट्टीचं नाटक, ते पहाटेपर्यंत. ज्या गावची मंडई त्या गावात घरटी पाहुणे. लेकी-जावई येतात, सोयरीक जुळवणारे येतात, आणि सोयरीक जुळवायला आलेल्या माणसानं परत जाऊन चार लोकांत सांगावं असं काहीतरी घरात असावं लागतं. पूर्वी धानाची ढोली भरलेली दिसली की काम भागत असे. आता ढोलीशेजारी सबवूफर लागतो. ढोली भरलेली आहे की रिकामी, हेही तो वाजल्यावर कळतं. रिकामी असली तर तीही वाजते.

सबवूफर म्हणजे फक्त खालचे सूर काढणारी पेटी. साधारण वीस हर्ट्झपासून शंभर-सव्वाशेपर्यंतचं जे काही गाण्यात असेल, तेवढंच ती वाजवते. बाकीचं गाणं तिच्या गावीही नसतं. यातला बराच भाग कानाला ऐकू येण्यापेक्षा छातीला लागतो. अमेरिकेत १९७४ साली ‘अर्थक्वेक’ नावाचा भूकंपाचा चित्रपट निघाला, तेव्हा प्रेक्षकांना खुर्चीत बसल्याबसल्या भूकंप जाणवावा म्हणून थिएटरांत असले अजस्र स्पीकर बसवले होते. गोंदिया शहरात रुळालगत राहणाऱ्यांना ही सोय बंगाल नागपूर रेल्वेच्या काळापासून फुकट आहे. हावड्याच्या बाजूनं भरलेली मालगाडी आली की फळीवरची भांडी आधी सांगतात, भोंगा नंतर. तरीही त्याच घरांतली पोरं सबवूफर विकत घेतात. मालगाडी गाण्याच्या तालात जात नाही, अशी त्यांची तक्रार असावी.

आमच्या मेहुण्यांनी आमगाव तालुक्यातल्या आपल्या घरी घेतलेला सबवूफर ‘पॉवर्ड’ जातीचा होता. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर वेगळा नाही. तो पेटीच्याच पाठीत, पत्र्याच्या पाटीवर बसवलेला. ही रचना फार सुटसुटीत, आणि थोडी क्रूर. ट्रान्सफॉर्मर, डायोड, मोठमोठे कपॅसिटर, बारीक वायरींची जुडी, हे सगळे नाजूक जीव अशा खोलीत कोंडलेले, जिचं एकमेव काम हादरणं हे आहे. त्या पाटीच्या खालच्या कोपऱ्यात, वायर खुपसायच्या भोकाजवळ, काचेचा एक फ्यूज असतो. त्याच्या टोपीवर बारीक अक्षरात लिहिलेलं: टी ३.१५ ए, २५० व्ही. हा मजकूर कोणी वाचत नाही. औषधाच्या गोळीचं पाकीट उलटंसुलटं करून वाचणारी माणसंही फ्यूज मात्र डोळे मिटून बसवतात.

तर हा फ्यूज उडू लागला. कधी बटण दाबताक्षणी, आवाज न करता. कधी दोन-चार गाणी नीट वाजून, नेमका बेस दणकायच्या ठिकाणी. कधी दिवसभर काहीच नाही. मेहुणे दुकानात जात, फ्यूज आणत, बसवत, आणि पुन्हा जात. दुकानदारानं पहिल्याच खेपेला विचारलं होतं, “तीनचा स्लो नाही जी, साधा तीनचा देऊ का?” मेहुणे म्हणाले, द्या. स्लो घेऊन आपल्याला कुठं उशीर करायचाय?

सल्ल्याला आमच्याकडे तोटा नसतो. मोफत धान्य मिळायला कार्ड लागतं, सल्ल्याला तेही लागत नाही. मंडईसाठी आलेल्या पाहुण्यांत एक जण राईस मिलमध्ये वायरमन होते. त्यांनी तो फ्यूज चिमटीत धरून उजेडाकडे केला आणि करुणेनं हसले. “तीन अँपियर? इतक्यात तं आमच्या मोटारीले जांभई बी येत नाही. तार टाका.” तार म्हणजे वायर सोलून तिच्यातले तांब्याचे केस पिळून फ्यूजच्या जागी घालणं. कोणी सिगारेटच्या पाकिटातली चांदी फ्यूजवर गुंडाळतात, तो याच विद्येचा पाठभेद. यामागचं तत्त्वज्ञान सरळ आहे: फ्यूज उडतो हा त्रास आहे, तेव्हा न उडणारा फ्यूज बसवला की त्रास संपला.

फ्यूज म्हणजे पेटीतला खरं बोलणारा. पुण्या-मुंबईकडच्या सरकारी खात्यांत खरं बोलणाऱ्याची बदली गोंदिया-गडचिरोलीला होते, असं ऐकतो. आम्ही आधीच गोंदियात राहतो. खरं बोलणाऱ्याला इथून पुढे पाठवायला जागाच नाही. म्हणून आम्ही त्याला काढून त्याच्या ठिकाणी जाड तार बसवतो.

त्या तारेचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ब्रिटिश टपाल खात्यातले विद्युत अभियंता विल्यम प्रीस यांनी १८८०च्या दशकात एक सूत्र बांधलं: कुठल्या जाडीची तार किती प्रवाहाला वितळेल. त्या सूत्रानं ०.२ मिलिमीटर जाडीचा तांब्याचा एक केस साधारण सात अँपियरला वितळतो. पाहुण्यांनी पिळून दाखवलेल्या तारेत असे चार केस होते. म्हणजे पंचवीसच्या वर. घरातल्या २३० व्होल्टला पंचवीस अँपियर म्हणजे पावणेसहा हजार वॅट. पेटीतला ट्रान्सफॉर्मर दोन-अडीचशे वॅटचा. ही तार वितळायच्या खूप आधी ट्रान्सफॉर्मर वितळेल, त्याचा वास शेजारच्या आळीत जाईल, आणि लोक म्हणतील, पण पाहा, फ्यूज कसा शाबूत आहे.

बरं, ट्रान्सफॉर्मर न वितळता प्रवाह मागे सरकलाच, तर मीटरजवळ घराच्या फ्यूजचं चिनीमातीचं किटकॅट असतं. त्यातली मूळ तार केव्हाच गेलेली. तिथं कुंपणातून उरलेल्या तारेचा तुकडा. त्याच्याही मागे गावची डीपी. तिथं काय भरलेलं असतं हे पाहायला जाऊ नये, कारण तिथं पाहून आलेले लोक त्याविषयी बोलत नाहीत. घरानं आपला फ्यूज जाड करून जबाबदारी गावावर टाकली, गावानं ती आणखी वर टाकली. जिल्ह्यातच तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प आहे. ही साखळी अशीच वर गेली, तर शेवटी त्या प्रकल्पानंच कधीतरी बटण दाबून म्हणावं लागेल, की आमगावकडे कोणाच्या तरी पेटीत काहीतरी अडलंय बुवा.

दुसरे सल्लागार व्होल्टेजवाले. यांचं म्हणणं, पेटीत काही नाही, लाईनच खराब. संध्याकाळी दिवे लाल होतात, रात्री पांढरेफट्ट, मग बिचारा फ्यूज काय करणार? यात तथ्य अगदीच नसतं असं नाही. खांबावर न्यूट्रल तुटला, तर एका घरात बल्ब काजव्यासारखे आणि शेजारच्या घरात लग्नमंडपासारखे, असं होतं. लग्नमंडप झालेल्या घरात मग टीव्ही, फ्रिज, चार्जर ओळीनं पडतात. पण मेहुण्यांच्या घरी बाकी सगळं ठणठणीत होतं. चाळीस वर्षं जुना पंखासुद्धा. लाईन एकट्या सबवूफरवरच डूख धरून बसेल, हे पटायला जरा भाविक मन लागतं.

तेही होतंच. घरात एव्हाना वार निघाले होते. मंगळवारी सकाळी बटण दाबलं की उडतो, गुरुवारी नाही. धाकट्या पोरानं लावलं तर चालतं, मेहुण्यांनी लावलं तर नाही. गंमत अशी, की या गोष्टीत मुहूर्ताचा संबंध खरोखर असतो. मोठा ट्रान्सफॉर्मर सुरू होताना पहिल्या क्षणी, नेहमी चालताना घेतो त्याच्या दसपट किंवा त्याहून जास्त प्रवाह गिळू शकतो. किती गिळेल हे त्या क्षणी विजेची लाट कुठं होती त्यावर ठरतं. लाट शून्यावर असताना बटण लागलं तर घोट सगळ्यात मोठा. शिखरावर असताना लागलं तर जवळजवळ काहीच नाही. शून्य ते शिखर हे अंतर आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेत सेकंदाचा दोनशेवा हिस्सा. एवढा बारीक मुहूर्त दाते पंचांगातही नाही. म्हणून तर कारखानदार ‘टी’ अक्षराचा, म्हणजे दमादमानं उडणारा फ्यूज घालतात: पहिला घोट तो सोसतो. दुकानातला ‘साधा’ निघाला ‘एफ’, झटपट उडणारा. तो पहिल्या घोटालाच प्राण सोडी, तेही दर वेळी नाही, लाटेच्या मर्जीनं. पोराचा हात लागला की चालतं, हा निव्वळ पोराचा योग.

या सगळ्यात गुरुजी येऊन बसत. शेजारचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, विज्ञान शिकवलेलं. मेहुणे त्यांचेच विद्यार्थी. सगळे जाड तारेच्या बाजूनं बोलत असताना गुरुजी एकटे शांतपणे उलट बाजूनं बोलत. “तीनचा उडतो ना? मग दोनचा टाक. दोनचा उडला तर एकचा. विज्ञानात सुरक्षितता महत्त्वाची.” सुरुवातीला मला हे गणित कळेना. मग लक्षात आलं, गुरुजींच्या झोपायच्या खोलीची आणि सबवूफरची भिंत एकच. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम त्यांना तोंडपाठ: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. पण विद्यार्थ्यावर कलमं लावायची नाहीत, हा त्यांचा बाणा. तो वर्गातच समजून घेईल, ही आशा; आणि तोवर फ्यूज.

शेवटी पेटी मेकॅनिककडे गेली. गोंदियातलं दुकान, समोर रस्ता, मागे पडद्याआड दुसऱ्यांच्या उघड्या पडलेल्या मशीनी, आणि दोन्हींवर राईस मिलच्या कोंड्याची सारखीच पातळ साय. मेकॅनिकनं पेटीकडे न पाहता पहिला प्रश्न विचारला: “मेलेले फ्यूज आनले का?”

मेहुणे चमकले. मेलेले फ्यूज कोण आणतं? पण सासूबाईंनी ते चहापत्तीच्या डब्यात जपून ठेवले होते. काच फेकायची नाही, पोरांच्या पायात जाते, हा त्यांचा नियम. फोन झाला, पोरगा मोटारसायकलवर डबा घेऊन आला. मेकॅनिकनं पेपर पसरला, डबा पालथा केला आणि एकेक फ्यूज उजेडाला धरून दोन ढीग करू लागला. एका ढिगात काच स्वच्छ, आतली तार मध्येच तुटलेली. दुसऱ्या ढिगात काच आतून काळी, चांदीसारखी झळाळी आलेली, तारेचा मागमूस नाही.

“दोन बिमाऱ्या हायेत भाऊ,” तो म्हणाला. “हे गोरे हायेत ना, हे चालू करताना गेले. हे फ्यूजच चुकीचे. आन् हे काळे, इथं सरळ शॉट हाय.”

शॉट म्हणजे शॉर्ट. बेताच्याच जादा प्रवाहानं तार वितळली तर काच स्वच्छ राहते. एका फटक्यात भलामोठा प्रवाह गेला तर तारेची वाफ होऊन काचेला बसते. इतके दिवस घरात वार, पोराचा हात, लाईन, कंपनी, यांवर रात्री जागवल्या गेल्या, आणि साक्षीदार सगळे चहापत्तीच्या डब्यात पडून होते.

पुढचं यंत्र म्हणजे सिरीजचा दिवा. लाकडी पाटीवर होल्डर, त्यात शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब, आणि दुखणाईत मशीन त्या बल्बमधूनच वीज घेणार. मशीनमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो, बाकी काही जळत नाही. मशीन धड असेल तर क्षणभर लकाकून मंदावतो. हजारो रुपयांच्या यंत्रांना जे सांगता येत नाही ते हा एक बल्ब सांगतो, फक्त तो आता सहज मिळत नाही. २०१५च्या जानेवारीत उजाला योजना आली, घरोघर एलईडी पोचले, देशाची वीज वाचली आणि मेकॅनिक लोकांचा धन्वंतरी गेला. या मेकॅनिकनं जुन्या बल्बचं एक खोकं कपाटाच्या वरच्या फळीवर कुलपात ठेवलंय. कपाटातल्या रोकडीला कुलूप नव्हतं.

पेटी सिरीजवर लागली. बल्ब लकाकला, मंदावला. एकदम निरोगी. मग दिवसभर तिच्यावर भजनं वाजली, कारण दुकानात भजनंच वाजतात. भजनातला पखवाज तेवढा घुमला. बल्ब काही पुन्हा पेटला नाही. मेहुण्यांचं तोंड उतरलं. घरी रोज मरणारं पोर डॉक्टरपुढे हसतखेळत असलं की आईबापांना होतो तसला अपमान त्यांना झाला. “घरी होते ना पण!” ते म्हणाले.

“घरी कोनते गाने लावता?”

मेहुण्यांनी नाव सांगितलं नाही. नुसता हातानं ताल दाखवला. मेकॅनिकनं मान डोलावली, मोठा स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि त्याच्या प्लास्टिकच्या मुठीनं पेटीच्या पाठीवर ठोका दिला. बल्ब भगकन पेटला. दुसरा ठोका, पुन्हा भगकन. ठोक्यागणिक दुकान उजळत होतं.

आता उलगडलं. खोलल्यावर दिसलं, की ट्रान्सफॉर्मरकडून डायोडच्या ब्रिजकडे जाणारी एक वायर पत्र्याच्या पट्टीच्या धारेवरून गेलेली, आणि वर्षभराच्या बेसनं घासून घासून तिची कातडी त्या एका जागी नाहीशी झालेली. हळू गाणं असेल तर तांबं पत्र्याला शिवत नसे. दणका बसला की शिवे. म्हणजे पेटी स्वतःच्या आवाजानं स्वतःचा गळा दाबत होती, आणि दर वेळी तो तीन अँपियरचा काचेचा तुकडा मधे पडून तिचा हात धरत होता. तिथं राईस मिलच्या पाहुण्यांची तार असती, तर मंडईत नाटकाआधीच रोषणाई झाली असती.

मेकॅनिकनं वायरीला आवरण चढवलं, ती धारेपासून दूर बांधली, हलणाऱ्या मोठ्या कपॅसिटरच्या बुडाशी चिकट गोंद भरला, ड्रॉवर उपसून ‘टी’चा फ्यूज काढला, आणि झालं. इथं खरा पेच आला. मेहुण्यांना हे पुरेना. इतके दिवसांचं दुखणं, गोंदियाची खेप, गाडीचं पेट्रोल, आणि निघालं काय? घरी जाऊन काय सांगायचं, वायर बाजूला केली? त्यांनी हळूच सुचवलं, काहीतरी बदलूनच टाका ना. निदान ट्रान्झिस्टर.

सी ५२०० आणि ए १९४३ ही आमच्याकडच्या अ‍ॅम्प्लिफायरांतली सर्वांत लोकप्रिय जोडी. मूळ जपानी कंपनीचा माल, २३० व्होल्ट, १५ अँपियर, दीडशे वॅट सोसणारा. आणि तितकाच लोकप्रिय त्यांचा तोतया: बाहेरून नाव, अंक, ठसा तोच, आत सिलिकॉनची चकती मात्र नखाएवढीही नाही. बाजारात हा माल तीन दर्जांचा मिळतो: ओरिजिनल, पक्का ओरिजिनल, आणि “तुमच्यासाठी म्हणून ठेवलेला” ओरिजिनल. आतला चांगला चालणारा काढून यांपैकी काहीही बसवलं, तर फ्यूजला पुढच्या मंडईपर्यंत काम मिळालंच म्हणून समजा. मेकॅनिकनं ते काही केलं नाही. त्यानं भंगाराच्या डब्यातून कुणाचा तरी फुटका, काळा पडलेला ट्रान्झिस्टर काढला, प्लास्टिकच्या पन्नीत घातला आणि पेटीवर ठेवला. “हे घ्या. निघालेला पार्ट.”

मेहुण्यांचा चेहरा खुलला. पैसे त्यांनी घासाघीस न करता दिले. ती पन्नी मंडईच्या सगळ्या पाहुण्यांनी हातात घेऊन पाहिली. मिलच्या वायरमननी तर वास घेऊन सांगितलं, की हाच, मला पहिल्या दिवशीच वाटलं होतं.

त्या रात्री नाटक सुरू व्हायच्या आधी पेटी लागली. गाणं तेच, ताल तोच. भांडी बोलली, ढोली बोलली, फ्यूज काही बोलला नाही. दहाच्या सुमारास गुरुजी आले. तक्रार करतील म्हणून मेहुण्यांनी आवाज कमी करायला हात पुढे केला, तर गुरुजींनीच खिशातून कागदाची छोटी पुडी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

“स्पेअर राहू दे घरात. अर्ध्या अँपियरचा आहे. तुला पुरेल.”

मेहुण्यांनी वाकून नमस्कार केला, पुडी उघडली, आणि विचारलं, “गुरुजी, टी आहे का एफ?”

“एफ,” गुरुजी म्हणाले. “एकदम झटपट.”